जिन्याची खूण

कामाचा आराखडा वहिनीने स्वतः आखला होता आणि तो अगदी साधा होता. रविवारी सकाळी साडेदहाला चहा. पावणेअकराला थोरल्याची सही, मग धाकट्याची, अकराला हेडबाईंची आणि अकरा पाचला म्हाताऱ्या मिस्त्रींची. मध्ये कोणी भांडलं तर असावीत म्हणून पंधरा मिनिटं राखून ठेवली होती. अकरा वीसला कागद पिशवीत. बारा वाजता मार्गदर्शक मॅडम येतील, सह्या बघतील, आणि उद्या पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध जमा होईल. बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात दोन वर्षं ती हेच तर शिकली होती, की कुठलं काम कशाच्या आधी यायला हवं आणि कुठलं एक काम लांबलं की मागची सगळी रांग लांबते.

कामगारांच्या जागी नवरा, दीर, नणंद आणि सासरा असले तर काय करावं, हे मात्र त्या जाडजूड पुस्तकांत कुठेच दिलेलं नव्हतं.

पहिला घोळ झाला तो मिस्त्रींमुळे. त्यांची पाळी सगळ्यात शेवटी, आणि ते सव्वादहालाच चष्मा लावून, काठी टेकत टेबलाशी येऊन बसले.

"कुठे करू सही?"

"बाबा, तुमची शेवटी आहे."

"शेवटी का? मी सगळ्यात मोठा."

"म्हणूनच. तुम्ही आधी केलीत की बाकीचे न बघता करतात आणि नंतर बोंब मारतात."

"मारू दे की. सही तर होईल," मिस्त्री म्हणाले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने एवढी घाई करावी याचं तिला जरा नवल वाटलं, पण नवल करायला आराखड्यात वेळ ठेवलेला नव्हता. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पेन उचलून घेतलं.

पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जायचं तिने ठरवलं, तेव्हा घरात मोठं रामायण झालं होतं. वर्गात तिच्या शेजारी बसणारी मुलं तिला पहिला महिनाभर प्राध्यापक समजून उभी राहत होती. पण घरच्या बांधकाम फर्ममध्ये वीस वर्षं कामाचं वेळापत्रक तीच बनवत आली होती आणि ते ऑफिसात नाही, फ्रिजच्या दारावर लागत असे. दोन शाळा आणि एका दवाखान्याची नवी इमारत त्या फ्रिजच्या दारावरून वेळेत उभी राहिली. फर्मच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला ती पदवी हवी होती ती एका जुन्या सलासाठी, आणि तो सल तिने कोणालाच कधी बोलून दाखवला नव्हता.

प्रबंधाचा विषय होता, कुटुंबाच्या फर्ममध्ये निर्णय कसे होतात आणि काम का लांबतं. अभ्यासासाठी इमारत शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. लोकांची कामं वेळेत करणाऱ्या या घराण्याला स्वतःचं घर बांधायला, चौदा महिन्यांचा अंदाज असताना, अकरा वर्षं लागली होती. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर आता ती सह्या गोळा करायला बसली होती. अडचण एकच होती. चौथं प्रकरण या माणसांच्या मुलाखतींवर उभं होतं. नावं कुठेच नव्हती, 'व्यक्ती अ', 'व्यक्ती ब' असं होतं. तरी प्रत्येकाची लेखी संमती लागणार होती. एक जरी सही कमी पडली तरी प्रकरण बाद, आणि प्रकरण बाद म्हणजे प्रबंध बाद. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. दुसरी मिळणार नव्हती.

पावणेअकराला थोरला आला. त्याने संमतिपत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाला, "बघू."

"अहो, बघायचं काही नाही. खाली सही."

"करतो ना. बघू तर दे."

तो बघत असताना धाकटा धाडधाड जिना चढून आला. जिन्याच्या तोंडाशी त्याचं डोकं दिसताच टेबलावरचे सगळे एकदम म्हणाले, "पाय!" आणि त्यानेही शेवटच्या पायरीला सवयीने पाय जास्त उचलला.

त्या घराची ही रीतच होती. वीस पायऱ्यांच्या त्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच होती. दोन इंच म्हणजे काही फार नाही, पण पायाला आधीच्या एकोणीस पायऱ्यांची सवय लागलेली असते, आणि विसावीला माणूस बरोबर अडखळतो. घरचे पाय त्या दोन इंचांना सरावले होते. तरीही कोणीही वर येताना दिसलं की जो तो हातातलं काम न सोडता "पाय!" म्हणून ओरडायचा. मुलं बोलायला लागली तेव्हा 'आई'च्या मागोमाग हाच शब्द शिकली.

धाकट्याने बसल्या बसल्या कागद ओढला आणि सही ठोकून दिली. "झालं? वहिनी, मला साइटवर जायचंय."

आपला आराखडा अजून जिवंत आहे असं वाटून वहिनीला हायसं वाटलं. धाकट्याची बायको परगावी गेली होती हेही बरंच होतं, नाहीतर हे प्रकरण दुप्पट झालं असतं. मग खालच्या खोलीतून हेडबाई आल्या. थोरल्याच्या पाठची ही बहीण शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरातही तो हुद्दा तिने कधी उतरवून ठेवला नव्हता. त्यांनी संमतिपत्र डोळ्यांपासून लांब धरलं.

"'मी हा मजकूर वाचला असून तो वापरण्यास माझी हरकत नाही.' वहिनी, मी काही वाचलेलं नाही."

"ताई, ती नुसती पद्धत असते. सगळीकडे असंच छापतात."

"पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आलेय, न वाचता सही करू नका. आण तो प्रबंध."

"एकशे ऐंशी पानं आहेत!"

"आमच्यावर जेवढं आहे तेवढं आण."

इथे घोडं अडलं. वहिनीने घड्याळाकडे बघितलं. राखून ठेवलेली पंधरा मिनिटं डोळ्यांदेखत संपत होती. तिने चौथं प्रकरण काढून दिलं, आणि हेडबाईंनी ते मनात न वाचता, शाळेत सूचना वाचतात तसं मोठ्याने, प्रत्येक शब्दाला मान देत वाचायला सुरुवात केली.

"'व्यक्ती ब. निर्णय पुढे ढकलण्याची प्रवृत्ती. बांधकामाच्या रोजवहीत शेवटच्या तीन वर्षांत व्यक्ती ब यांच्या नावापुढे बघू हा शब्द एकशे त्रेचाळीस वेळा आढळतो.'"

धाकटा खो खो हसला. "दादा, तू आहेस रे हा!"

"मी कशावरून?" थोरला म्हणाला. "अगं, मी आहे का हा?"

"नाव कुठे आहे तुमचं?" वहिनी म्हणाली.

"एकशे त्रेचाळीस? तू मोजलेस?"

"अहो, रोजवही मीच लिहायची."

थोरल्याने पेनाचं टोपण परत लावलं. "मग या सहीचं जरा बघू," तो म्हणाला, आणि धाकट्याला हसता हसता ठसका लागला. हेडबाईंनी पान उलटलं.

"'व्यक्ती क. काम सुरू झाल्यानंतर आराखडा बदलणे. न्हाणीघराच्या एकाच खिडकीची जागा पाच वेळा बदलण्यात आली. तिसऱ्या वेळी खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीसमोर आल्याचे ती बसवल्यानंतर लक्षात आले.'"

आता हसायची पाळी थोरल्याची होती. धाकट्याने टेबलावरून हात लांब करून आपलं संमतिपत्र ओढलं आणि सहीवर आडवी रेघ मारली. "त्या खिडकीला उजेड नव्हता! उजेडासाठी केलं मी ते! ते कुठे लिहिलंय?"

"पुढच्या ओळीत आहे, भाऊजी. 'हेतू चांगला होता' असं लिहिलंय."

"होता म्हणजे?"

वहिनीने मुकाट्याने पिशवीतून दुसरं कोरं संमतिपत्र काढलं. दहा टक्के माल राखीव ठेवावा असं वर्गात शिकवलं होतं. हे घर ओळखून असल्यामुळे तिने शंभर टक्के ठेवला होता.

"'व्यक्ती ड,'" हेडबाईंनी वाचलं आणि त्या थांबल्या. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मग परत वाचलं.

"मोठ्याने की, ताई," धाकटा म्हणाला. "आमचं कसं खणखणीत वाचलंस."

"'व्यक्ती ड यांच्याकडे कोणतीही अधिकृत जबाबदारी नव्हती,'" त्या घाईघाईने वाचू लागल्या, "'तथापि सर्व जबाबदार व्यक्ती त्यांना घाबरत असल्याने काम अनेकदा थांबत असे.'"

दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं. गेले दहा दिवस, ऑफिसातल्या मोठ्या टेबलावर कोणी बसायचं यावरून त्यांच्यात बोलणं बंद होतं. ते टेबल त्या क्षणी विसरलं गेलं.

"हे मात्र खरं आहे," थोरला म्हणाला.

"शंभर टक्के," धाकटा म्हणाला. "वहिनी, आण तो कागद. एवढ्या वाक्यावर मी सही करतो."

"तुम्ही त्यावर सह्या केल्यात तर मी करणार नाही," हेडबाई म्हणाल्या.

"माझी घ्या तोवर," मिस्त्री म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

 तरी वहिनीला आतून वाटत होतं की हे निभेल. ही माणसं रागावतात, पण बिस्किटाचा दुसरा पुडा फोडेपर्यंतच. खरी धास्ती तिला पुढच्या पानाची होती. तिने हात पुढे केला. "झालं ना ताई, तुमचं तिघांचं संपलं. द्या इकडे."

"अजून 'अ' राहिलाय," हेडबाई म्हणाल्या. "'व्यक्ती अ. अनुभवावर अवाजवी विश्वास. लेखी गणित हाती असतानाही व्यक्ती अ यांनी ते बाजूला ठेवून जिन्याचे मोजमाप आपल्या पारंपरिक काठीने केले. परिणामी शेवटची पायरी दोन इंच उंच झाली. गेली बावीस वर्षे ही चूक रोज अनुभवास येते आणि दुरुस्त मात्र होत नाही.'"

तिन्ही भावंडांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री बिस्कीट चहात बुडवत होते.

"वहिनी, हे बाबांबद्दल लिहिलंस?" हेडबाईंनी विचारलं.

"तुम्हीच तर सगळे बोलता! रोज बोलता!" वहिनी म्हणाली. "'काठीचा जिना' कोण म्हणतं? भाऊजी, परवा त्या टाइलवाल्याला काय सांगत होतात?"

"ते आम्ही बोलतो!" धाकटा उसळला. "घरात बोलणं वेगळं आणि छापून विद्यापीठात ठेवणं वेगळं. त्या काठीने आख्खं गाव बांधलंय बाबांनी."

"मला 'बघू' म्हण, काय म्हणायचं ते म्हण," थोरला म्हणाला. "पण काठीला नाव ठेवायचं काम नाही."

बावीस वर्षं ज्यांनी त्या काठीची यथेच्छ थट्टा केली ते तिघेही एका क्षणात काठीचे वकील झाले. 'अ'चा परिच्छेद निघाला तर आमच्या सह्या, नाहीतर नाही, असं हेडबाईंनी जाहीर केलं आणि दोन्ही भावांनी माना डोलावल्या. या घरात तीन भावंडांचं एकमत व्हायला नेहमी आठवडा लागायचा. आज अर्धं मिनिट लागलं, आणि ते नेमकं वहिनीच्या विरुद्ध झालं.

"अरे, पण माझं काही म्हणणं आहे का?" मिस्त्री म्हणाले. "लिहिलंय ते बरोबर आहे. काठी चुकली माझी. द्या पेन."

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका," हेडबाई म्हणाल्या.

वहिनी गप्प बसली, कारण तोंड उघडलं असतं तर बावीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं असतं. लग्नाला तीन महिने झाले होते. सिव्हिलची पदवी नवी कोरी होती, तिचा उपयोग कोणाला सुचत नव्हता. घराचा जिना लागणार म्हणून तिने एका दुपारी बसून गणित मांडलं, चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि सासऱ्यांना नेऊन दिलं. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि "बरं" म्हणाले. पुढे फरशी बसली, पायरी उंच निघाली, आणि मिस्त्री सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "काठी चुकली माझी." ती दारात उभी होती. म्हणजे आपली चिठ्ठी खिशातच राहिली, आपलं गणित कोणी विचारातसुद्धा घेतलं नाही, हे तिला तिथेच कळलं. त्या रात्रीपासून त्या जिन्यावर "पाय!" ऐकलं की तिला ती चिठ्ठी आठवायची. चौथं प्रकरण तिने दोन वर्षं घासूनपुसून लिहिलं ते त्या एका परिच्छेदासाठी.

"मी तो परिच्छेद काढणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तो खरा आहे."

यावर तिघेही एकदम बोलायला लागले. हेडबाई उभ्या राहिल्या. धाकटा टेबलावर हात आपटून खिडकीचा उजेड समजावू लागला. त्या गदारोळात खालचं दार वाजल्याचं कोणी ऐकलं नाही, जिन्यावरची पावलं कोणी ऐकली नाहीत, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीही ओरडलं नाही.

मार्गदर्शक मॅडम अर्धा तास लवकर आल्या होत्या. त्या एकोणीस पायऱ्या व्यवस्थित चढल्या आणि विसावीला सपशेल आडव्या झाल्या. फायली सरकत टेबलाखाली गेल्या. एक चप्पल थेट मिस्त्रींच्या पायाशी आली.

"पाय!" पाच तोंडांतून एकदम निघालं, पण दोन सेकंद उशिरा.

मग एकच धावपळ झाली. थोरल्याने खुर्ची आणली, धाकट्याने बर्फ आणला, आणि इतका वेळ हुकूम सोडणाऱ्या हेडबाई पाहुणीच्या गुडघ्यावर फडकं धरून खाली बसल्या. मॅडम वहिनीपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. त्या चिडल्या की आवाज चढवत नसत, आणखी हळू बोलत. आता त्या अगदीच हळू बोलत होत्या.

"चौथ्या प्रकरणातली पायरी ती हीच का?"

"हो, मॅडम," वहिनी म्हणाली. तिला धरणी दुभंगावी असं झालं होतं.

"वाचताना वाटलं होतं, तुम्ही जरा वाढवून लिहिलंय." त्यांनी गुडघा चाचपला. "आता तसं वाटत नाही."

"चूक माझी," मिस्त्री लगेच म्हणाले. "काठीने मोजलं ना, काठी चुकली. आणा, सही करतो म्हणजे या बाईंना जाता येईल."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "आजोबा, ती काठी मला बघायला मिळेल?"

"काठी?" मिस्त्री घुटमळले. "कुठे ठेवली ते आता... जुनी झाली."

"बाबा, तुमच्या हातात आहे," धाकटा म्हणाला.

हातातच होती. हल्ली ती चालताना टेकायला लागायची एवढंच. छातीपर्यंत येणारी, हातांनी गुळगुळीत झालेली ती काठी टेबलावर आडवी ठेवली गेली. तिच्यावर बारीक खाचा होत्या. टेपवर मिस्त्रींचा विश्वास नव्हता. कुठलंही माप घेतलं की ते काठीवर खूण करायचे आणि मगच काम लावायचे. खूण केल्याशिवाय त्यांनी कधी वीट हलवू दिली नाही. वहिनीने प्रत्येक खाचेचा फोटो काढून, ती कुठल्या कामाची हे त्यांना विचारून विचारून, प्रबंधाचं तिसरं परिशिष्ट बनवलं होतं.

मॅडमनी ते उघडलं. "एकसष्ट खुणा. फार सुंदर काम आहे हे तुमचं. ही जोत्याची, ही पुढच्या दाराची. या पाच शेजारी शेजारी..."

"न्हाणीघराची खिडकी," थोरला म्हणाला. सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं.

"आणि जिन्याची कुठली?"

"असेल की." वहिनीने परिशिष्ट जवळ ओढलं. पहिल्यापासून बोट फिरवत गेली. मग काठीवरून बोट फिरवलं. एकसष्टच्या एकसष्ट खुणांना नाव होतं. "बाबा, जिन्याची खूण कुठे आहे?"

"करायची राहिली असेल."

"राहिली?" हेडबाई म्हणाल्या. "बाबा, तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्याची खूण केली आहे. ही बघा, चौतीस नंबर."

मिस्त्रींनी कपात डोकावून बघितलं. "अजून चहा होईल का गं?"

वहिनी जागची हलली नाही. तिच्या डोक्यात एक साधं गणित हळूहळू जुळत होतं. खूण नाही म्हणजे काठी लावलेली नाही. काठी लावलेली नाही, तर मग गवंड्याने जिना कशावरून लावला? तिच्याच प्रबंधात, परिशिष्ट दोनमध्ये, लादी लागण्याआधीची जिन्याची मापं होती, वीस पायऱ्या, प्रत्येक सहा इंच. दोन वर्षं ते आकडे तिच्या डोळ्यांसमोर होते. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते तिने आज पहिल्यांदा आठवून बघितलं. वीस पायऱ्या. प्रत्येक सहा इंच.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही माझी चिठ्ठी वापरलीत."

मिस्त्रींनी रिकामा कप बाजूला सरकवला.

"मी दोन स्लॅबमधली उंची धरली. एकशेवीस भागिले वीस. वरच्या मजल्यावर फरशी आणि तिच्याखालची भर मिळून तीन इंच येणार, पायरीवर नुसती इंचभर लादी येणार, हे मी धरलंच नव्हतं. दोन इंच माझे आहेत."

"आता कशाला ते," मिस्त्री म्हणाले.

"मला सांगितलं का नाहीत?"

म्हाताऱ्याने काठी ओढून घेतली आणि तिच्या टोकाने आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "या दोघांसमोर सांगू? नवी सून तू. मजूर माझ्या तोंडाकडे बघतायत, तू दारात उभी. तुझं नाव घेतलं असतं तर यांनी तुला जन्मात सोडलं असतं का? मला सोडलं का? माझी कातडी जाड. तू मात्र परत पेन हातात धरलं नसतंस." मग ते जरा लाजल्यासारखे म्हणाले, "आणि खरं सांगू, मला फार आनंद झाला होता. आमच्या घरात कोणीतरी कागदावर जिना चढून दाखवला. म्हटलं, आता काठी कशाला लागते? आयुष्यात एकदाच खूण न करता काम लावलं."

कोणी हसलं नाही. धाकटा टेबलावरचा बिस्किटांचा चुरा गोळा करू लागला. बावीस वर्षं ज्या टोमण्यांवर त्याने जेवणं रंगवली होती ते सगळे टोमणे आता कुणाचे होते हे त्यालाही कळलं होतं.

वहिनीला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला तिने दोन वर्षं आणि एकशे ऐंशी पानं घातली होती, आणि स्वतःचं मुसळ वीस पायऱ्या लांब होतं. रागाच्या भरात तिने एकदाही आपलं गणित तपासलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाने आपलं ऐकलं नाही म्हणून ती आतून जळत राहिली, त्यानेच घरात सगळ्यात आधी तिच्यावर विश्वास टाकला होता आणि त्याची किंमतही स्वतःच भरली होती.

"ते सगळं असू दे," मिस्त्री म्हणाले. "पुस्तकात काठीच राहू दे. काठी कुठे कोर्टात जाणार आहे? आण कागद."

आता वहिनीला कळलं, की म्हातारा सकाळी सव्वादहापासून पेन का मागत होता. तिने पेन उचलून आपल्या मुठीत धरलं.

"नाही, बाबा."

मॅडमनी प्रबंध मिटला. "मी हे ऐकलं नाही असं मला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या, पण आता त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "चौथं प्रकरण बदलावं लागेल. आणि उद्या पाच वाजेपर्यंतच."

"बदलते. अ वरची चूक काढते. आणखी एक व्यक्ती घालावी लागेल. व्यक्ती इ."

"तिच्याबद्दल काय लिहिणार?" हेडबाईंनी विचारलं.

"लेखी गणितात फरशी धरली नाही. आणि आपलंच बरोबर अशा खात्रीने बावीस वर्षं तपासलं नाही."

हेडबाईंनी पेनासाठी हात पुढे केला. "आता हे सही करण्यासारखं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात सही केली. धाकट्यानेही कोऱ्या संमतिपत्रावर पुन्हा सही केली, मात्र 'उजेडासाठी' असा शब्द कंसात लिहू का, असं विचारून घेतलं. मग सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं.

"एकशे चव्वेचाळीस होतील," वहिनी म्हणाली.

त्याने तोंड मिटून सही केली.

मिस्त्रींपुढे कागद ठेवला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. सकाळपासून सहीसाठी मागे लागलेला माणूस आता म्हणाला, "आधी तू. पाचवी व्यक्ती आहेस ना?"

तिने राखीव संमतिपत्रांतलं एक काढून स्वतःची सही केली. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर विटेसारखं लावत सही केली.

"वीस गुणिले सहा किती?" त्यांनी विचारलं.

"एकशेवीस."

"मग गणित बरोबरच होतं तुझं," मिस्त्री म्हणाले. "फरशी राहिली, एवढंच."

वहिनीने डोळे पुसले. थोरला जिन्याकडे बघत होता. "दुरुस्त करून टाकूया का ती पायरी?"

"करताच आहोत तर मग न्हाणीघराची खिडकी..." धाकटा म्हणाला, आणि तिघांनी एकदम "नाही!" केलं.

मॅडम लंगडत उठल्या, फायली घेऊन जिन्याशी गेल्या. या वेळी पाचही जण तयार होते. त्यांनी पाऊल उचलण्याआधीच घर दणाणलं, "पाय!" मॅडमनी कठडा धरला, ती उंच पायरी सांभाळून उतरली आणि मग त्या निर्धास्तपणे बाकीच्या पायऱ्या उतरू लागल्या. वरती सगळे पावलं मोजत उभे होते. वहिनीच्या ओठांवर काहीतरी आलं, पण उशीर झाला होता. खालच्या मजल्यावरही तीच फरशी आणि भर होती, त्यामुळे वरची पायरी दोन इंच जास्त तशी सगळ्यात खालची दोन इंच कमी, हे त्या घरातल्या पायांनाच फक्त माहीत होतं.

खालून धप्पकन आवाज आला. पाठोपाठ मॅडमचा अगदी हळू आवाज.

"हेही लिहा."

"लिहिते, मॅडम," वहिनी वरून म्हणाली, आणि तिने 'व्यक्ती इ'च्या खाली दुसरा मुद्दा घातला.